चकती

माझ्याकडे कॅमेरे दोन. एक, काकांनी मस्कतहून बाबांसाठी आणलेला पेन्टॅक्स के-१०००, रोलवाला. दुसरा, मी २०१२ साली फेस्टिव्हल अ‍ॅडव्हान्स उचलून घेतलेला डिजिटल. पहिला म्हणजे बचत खातं. शिल्लक ३६, बघून खर्च करा. दुसरा म्हणजे ओव्हरड्राफ्ट!

ओव्हरड्राफ्ट मिळाल्यावर माणसाचं होतं तेच माझं झालं. सोसायटीच्या सत्यनारायणाला मी चारशे फोटो काढले. तीनशेंत गुरुजींचे डोळे मिटलेले. (मंत्र म्हणताना मिटतातच, हा माझा बचाव घरात टिकला नाही.)

"यात मावतात किती?" बाबांनी विचारलं.

"दोन हजार."

"मग नीट काढायचा कधी?"

बाबांचे धडे तीनच. लख्ख ऊन आणि १०० चा रोल असेल तर अ‍ॅपर्चर १६, वेग १/१२५. (डिजिटलमध्ये आयएसओ १०० ठेवला की हाच हिशेब चालतो. ऊन काही डिजिटल झालेलं नाही!) दुसरा, माणसाकडे बघण्याआधी उजेड कुठून येतोय ते बघ. आणि तिसरा, खटका ओढताना डावीकडची चकती फिरतेय ना ते बघ. फिरत नसेल तर रोल आत अडकलेलाच नाही.

तिसरा धडा मी १९९६ साली मामाच्या लग्नात शिकलो. ३६ झाले तरी खटका आपला चालूच. ३७, ३८... वाटलं, कंपनीने व्याज दिलं. पण मुद्दलच जमा नव्हतं! रोल कोरा. मामी मला पंगतीत अजून शेवटी वाढते. तिचं सोडा. त्या रोलवर आजी होती, नऊवारीत, नथ घालून. पुढे तिचा फोटो काढायचा राहूनच गेला.

गेल्या वर्षी बाबांना पंचाहत्तर पूर्ण झाली. ठरवलं, डिजिटल असला तरी फोटो एकच काढायचा, पण रोलवर काढावा तसा. खुर्ची खिडकीशी नेली. टोपी नीट केली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले डोळे उजेडाकडे वळवून बाबा हसले. कधी नव्हे ते! कळ दाबली. मागच्या पडद्यावर अक्षरं आली: कार्ड नाही.

कार्ड लॅपटॉपमध्ये राहिलं होतं.

"काय झालं?"

मी गप्प.

"चकती बघितली नाहीस ना?" बाबा म्हणाले. "जा, घेऊन ये. मी बसलोय."