दान पडलं नाही

गेमबॉय आमच्यापैकी कुणाकडेच नव्हता. कुणाच्या तरी मावसभावाने सीडीवर पोकेमॉनचा ‘फायररेड’ आणलेला असायचा, तो कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या एम्युलेटरसकट. घरात कॉम्प्युटर एक, खुर्ची एक. तिच्यावर दोघं, मागे उभे तिघं.

लढाई लागली की पडद्यावर चार शब्द यायचे: फाइट, बॅग, पोकेमॉन, रन. मग सगळं थांबायचं. आपण बटण दाबेपर्यंत समोरचा हलायचा नाही. म्हणून खेळणारा एक असला तरी डोकी पाच चालायची. ‘पाण्याचा काढ, पाण्याचा!’ ‘नको, समोर विजेचा आहे!’ आईने जेवायला हाक मारली की लढाई तशीच टाकून उठायचं. वरणभात खाऊन आलो तरी शत्रू जागच्या जागी. धास्ती फक्त लोडशेडिंगची, कारण लढाईच्या मध्येच सेव्ह करायची सोय गेममध्ये नव्हती.

हल्ला हुकला की आम्ही म्हणायचो, ‘दान पडलं नाही.’ सोंगट्या खेळणाऱ्या आजीचे हे शब्द. फासे खरंच त्या गेममध्ये दडलेले होते, हे कळायला पुढे बरीच वर्षं गेली. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ काढला. कागद-पेन्सिल घेऊन टेबलाभोवती बसायचं, आपल्या पाळीला फासा टाकायचा आणि वार लागला की नाही ते ठरवायचं. १९८१च्या ‘विझर्ड्री’ने हे सगळं कॉम्प्युटरवर नेलं. जपानमध्ये गेम बनवणाऱ्या युजी होरी यांना त्याचा नाद लागला. त्यांनी १९८६ साली ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये लढाई चार पर्यायांवर आणली: लढा, मंत्र, पळा, वस्तू. टीव्हीला जोडायच्या फॅमिकॉम या गेमयंत्राच्या रिमोटला बटणंच मोजकी, तिथे कीबोर्डचा थाट कुठून चालणार! आमच्या पडद्यावरची ती चौकट याच घराण्यातली.

बाकी सगळं वाटून घेता यायचं, सेव्ह मात्र एकच. एका मे महिन्यात आमच्यातल्या धाकट्याने ‘न्यू गेम’ सुरू केला आणि सेव्ह करताना आलेली इंग्रजी सूचना न वाचताच ‘येस’ दाबलं. जिंकलेले सात बॅजेस गेले. आता तो दोन मुलींचा बाप आहे, पण लग्नकार्यात विषय निघाला की अजूनही आइस्क्रीमच्या काउंटरकडे सटकतो.