तिसरे चाक

गेल्या श्रावणात मी सायकलवरून पडलो. पडण्याची ही पहिली वेळ नव्हती. १९७८ मध्ये शिक्षणासाठी पुण्यात आलो, तेव्हापासून या शहराच्या रस्त्यांनी मला अनेकदा जवळ घेतले आहे. परंतु आधीच्या प्रत्येक पडण्याला काही ना काही कारण होते : ओले डांबर, आडवे आलेले कुत्रे, कॅरिअरवर कायदा मोडून बसलेला मित्र. या वेळी कारण नव्हते. रस्ता कोरडा होता, सकाळ शांत होती आणि सरळ जात असताना माझा सरळपणाच हरवला.

डॉक्टरांनी कान तपासला. कानाच्या अंतर्भागात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि त्यांतील द्रवाच्या हालचालीवरून मेंदूला मस्तक कोणत्या दिशेने वळते आहे याची वर्दी मिळते, असे त्यांनी समजावून सांगितले. माझ्या बाबतीत ही वर्दी आता भरवशाची उरलेली नव्हती. तोल हा मनाचा गुण आहे अशी माझी आजवर समजूत होती. तो कानात राहतो, हे मला पासष्टाव्या वर्षी कळले. "दुचाकी आता पुरे," असे म्हणून डॉक्टरांनी माझे सायकलपर्व संपविले.

रिक्षा होत्या, बस होती. पण सायकल हे माझ्या लेखी केवळ जाण्याचे साधन नव्हते. ते थांबण्याचे साधन होते. कोथरूडहून भांडारकर संस्थेकडे जाताना वाटेत कुणी दिसले की एक पाय टेकायचा, दोन वाक्ये बोलायची आणि पुढे निघायचे, या सवयीवर माझी निम्मी मैत्री आणि कदाचित थोडीशी समीक्षाही उभी होती. रिक्षात बसलेला मनुष्य पोहोचतो. त्याला वाट लाभत नाही. बंगळुरूला असलेल्या मुलीने हे माझे गाऱ्हाणे दूरध्वनीवर महिनाभर ऐकले आणि एका रविवारी म्हणाली, "बाबा, विजेवर चालणारी तीनचाकी सायकल घ्या. मोठ्या माणसांसाठी मिळते."

'तीनचाकी' या शब्दासरशी माझ्या मनात दोनच चित्रे उभी राहिली. एक अंगणात फिरणाऱ्या बालकाचे आणि दुसरे हाताने पेडल फिरवीत जाणाऱ्या अपंग गृहस्थाचे. या दोहोंच्या पंक्तीत बसायला मी मनातून तयार नव्हतो, हे कबूल केले पाहिजे. आयुष्यभर 'उपेक्षितांचे साहित्य' या विषयावर व्याख्याने दिलेल्या माणसाला असे वाटावे, याची लाजही वाटली.

लाज वाटली की समीक्षक वंशावळ शोधू लागतो. ती बरीच खानदानी निघाली. एप्रिल १८८१ मध्ये गुस्ताव्ह त्रूव्हे या फ्रेंच संशोधकाने पॅरिसच्या रस्त्यावर विजेवर चालणारी तीनचाकी फिरवून दाखविली. कार्ल बेंझच्या पेट्रोलच्या गाडीचे पेटंट १८८६ चे, आणि तिलाही चाके तीनच होती. विलायतेत राणी व्हिक्टोरियाने साध्या तीनचाकी मागविल्या, तेव्हापासून हे वाहन प्रतिष्ठितांच्या फाटकातून आत गेले. थोडक्यात, जिला मी म्हातारपणाची कुबडी समजत होतो ती मोटारगाडीची वडील बहीण होती. या शोधाने धीर आला. पण वंशावळीवरून ग्रंथ निवडता येत नाही, तसे वाहनही निवडता येत नाही.

मग मी दुकाने पालथी घातली. सरकारी नियम सोपा होता. अडीचशे वॉटहून कमी शक्तीची मोटार आणि ताशी २५ किलोमीटरहून कमी वेग असेल, तर नोंदणी नको, परवाना नको. अवघड होते ते पुढचेच. काही गाड्यांना दोन चाके पुढे असतात, बहुतेकांना मागे. पुढे दोन असतील तर वळणावर गाडी अधिक स्थिर राहते. पण त्यांतील बैठक बहुधा इतकी खाली की तीत बसायला आणि उठायला गुडघ्यांची वेगळी परवानगी काढावी लागते. मोटार पुढच्या चाकात असेल तर आमच्या टेकडीच्या पायथ्याच्या चढावर, त्यातही पावसात, ते चाक जागीच फिरण्याचा संभव. कारण बसणाऱ्याचा सारा भार मागे. मोटार मागच्या एकाच चाकाला ओढत असेल तर गाडी एका अंगाला खेचते. वळताना बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा अधिक अंतर कापावे लागते, म्हणून दोन्ही चाकांना आपापल्या गतीने फिरू देणारा डिफरन्शिअल असलेला बरा. शिसे आणि आम्लाची बॅटरी स्वस्त. पण ती उचलून दुसऱ्या मजल्यावर कोण नेणार? लिथियमची महाग, पण वजनाने बरीच हलकी. एका गाडीत पाय पेडलवर किंचित फिरला तरी मोटार सुरू होई. सिग्नलपाशी बेसावध उभ्या असलेल्या वृद्धाला हा गुण परवडणारा नाही. दुसरीत पायाचा जोर ओळखून तेवढीच मदत मिळे. हँडब्रेक ओढून ठेवण्याची सोय नसेल, तर उतारावर आपण चढेपर्यंत गाडी निघून जायची.

हे सारे मी वहीत दोन रकाने पाडून लिहिले. आमच्या लहान फाटकाची रुंदी शिवणकामाच्या टेपने मोजली. एवढ्या काटेकोरपणे मी प्रबंधही लिहिला नसेल. फक्त एक गोष्ट वहीत नव्हती : ही गाडी मला चालविता येईल की नाही.

ते कळले एका दुकानामागच्या मोकळ्या पटांगणात. "सर, सायकल येते ना? मग काहीच नाही," असे म्हणून विक्रेत्याने गाडी माझ्या हाती दिली. मी निघालो, पहिल्या वळणाशी सवयीप्रमाणे अंग आत झुकविले आणि गाडी थेट कठड्यावर नेऊन आदळविली. दुसऱ्यांदाही तेच. दुचाकी झुकते आणि वळते. तीनचाकी झुकत नाही, तिला केवळ हँडलने वळवावे लागते, आणि वळणावर वेग अधिक असला तर ती बाहेरच्या बाजूला उलटू पाहते. जन्मभर सायकल चालविलेल्यांना हे जड जाते, असे विक्रेत्याने सांगितले. पंचेचाळीस वर्षे अंगात मुरलेले ज्ञानच आता आडवे येत होते. नव्या कवितेपुढे जुनी मापे घेऊन बसलेल्या ज्येष्ठांवर मी तरुणपणी कडक लेख लिहिले होते. त्यांतल्या काहींची त्या कठड्यापाशी मनोमन क्षमा मागितली.

पत्नी बाकावर बसून हे पाहत होती. ती उठली आणि म्हणाली, "अहो, मी बघू का जरा?"

तिला सायकल येत नव्हती. सातारा जिल्ह्यातल्या तिच्या गावी भाऊ भाड्याच्या सायकली आणून शिकले, आणि ही मागून कॅरिअर धरून धावत असे. मुलींनी शिकायची पद्धत नव्हती. लग्नानंतर ती माझ्या मागे कॅरिअरवर बसली. तिला सायकल येत नाही, ही गोष्ट मी इतकी वर्षे एक वस्तुस्थिती म्हणून स्वीकारली होती. ती एक खंत असू शकेल, असे मला कधीही सुचले नाही.

ती बसली, हँडल धरले, आणि गेली. वळणावर झुकली नाही, कारण झुकायचे असते हे तिला ठाऊकच नव्हते. पटांगणाला तीन फेऱ्या मारून ती परतली. पदर कमरेला खोचलेला होता आणि चेहऱ्यावर असे काही होते की मी विक्रेत्याशी किमतीचे बोलणे लांबवीत राहिलो. तिच्याकडे पाहायला मला संकोच वाटत होता.

निवड त्यानंतर पाच मिनिटांत झाली. वहीतल्या रकान्यांत माझी पसंती एका वेगवान, उंच गाडीला होती. घेतली ती दुसरीच : जिच्या मधल्या दांड्यावरून लुगड्याच्या निऱ्या न सांभाळता पाय टाकता येतो, जिची बैठक तिच्या उंचीला बेतता येते, जिच्या मागच्या टोपलीत भाजी राहते आणि जिच्या बॅटरीला स्वतंत्र किल्ली आहे.

गाडीला दोष आहेत. दुचाकीवर खड्डा चुकविता येई. तीन चाकांच्या तीन वाटा असल्याने एक चाक वाचविले तर दुसरे खड्ड्यात जाते. उतरत्या कडेच्या रस्त्यावर ती गटाराकडे ओढ घेते. गर्दीत वाट काढता येत नाही, रांगेत थांबावे लागते. मी अजून वळणाशी अंग आवरायला शिकतो आहे. पत्नी म्हणते, "तुम्ही विचार करता आणि मग वळता. आधी वळा."

सकाळी सातला ती मंडईला निघते. मी फाटक उघडून धरतो, कारण ते टेपने मोजले असले तरी दोन्ही बाजूंना जेमतेम चार बोटांची जागा उरते. ती कोपऱ्यावर पोहोचेपर्यंत मी तिथेच उभा असतो. परवा कोपऱ्याशी शेजारच्या वहिनी भेटल्या, तेव्हा तिने गाडी थांबविली, दोन वाक्ये बोलली आणि पुढे गेली. पाय टेकायची तिला गरज पडली नाही.