लांडग्याचा हिशेब

वाचकहो, लांडग्याबद्दल वाईट बोलायला कुणाला शिकवावे लागत नाही. रात्री मेंढवाड्यातून कोकरू गेले की धनगराच्या पोटात कसा खड्डा पडतो, हे तुम्ही पाहिले असेल. रानोमाळ भटकणाऱ्या मीही पाहिले आहे. तरी अलास्कातल्या एका माणसाची हकिगत तुम्हाला सांगावीशी वाटते.

अलास्का म्हणजे अमेरिकेचा पार उत्तरेकडचा बर्फाळ मुलूख. तिथल्या माउंट मॅकिन्ली राष्ट्रीय उद्यानात (आज त्याला डेनाली म्हणतात) डोंगरकड्यांवर पांढरी रानमेंढरे राहतात. 1930 च्या सुमारास ती फार घटली. ओरडा झाला, लांडगे मारा! तेव्हा खरेखोटे पाहायला 1939 साली अ‍ॅडॉल्फ म्यूरी या प्राणिशास्त्रज्ञाला तिथे धाडले.

हा गडी बंदूक घेऊन दबा धरून बसला नाही. तो चालला. पहिल्याच वर्षी सुमारे 1,700 मैल! वाटेत मेलेल्या मेंढरांच्या कवट्या गोळा करी. अशा 829 कवट्या त्याने तपासल्या. आपण बैलाचे दात बघून वय सांगतो ना, तसे या मेंढराचे वय शिंगावरच्या वळ्यांवरून कळते. हिशेब मांडला तेव्हा दिसले, की मेलेली बहुतेक एक तर कोवळी, नाहीतर म्हातारी किंवा रोगाने खंगलेली. भर उमेदीतली थोडीच. आणि कळप घटले होते ते मुख्यतः कडक हिवाळ्यांच्या दाट बर्फाने.

लांडग्यांच्या बिळावरही त्याने तासन् तास नजर ठेवली. आई शिकारीला गेली की दुसरी मादी पिलांपाशी थांबे. आपल्या घरातली आत्याच म्हणा! हे सारे 1944 साली त्याच्या पुस्तकात छापून आले.

पण एक सांगतो. तिथले मेंढरू कड्यावर चढून जीव वाचवते. आपले वाड्यात कोंडलेले कोकरू कुठे चढणार? म्यूरीचे नाव घेऊन धनगराला गप्प बसवणारे मला पटत नाहीत. आपल्याकडे 1972 च्या कायद्याने लांडगा मारता येत नाही, ते योग्यच आहे. मात्र पंचनाम्याला येणारा माणूस कोकराची हाडे वाळायच्या आत यावा, आणि भरपाई पुढच्या जत्रेआधी हातात पडावी.