आवाज फाटतो तेव्हा

आम्ही मराठीचे मास्तर. विजेविषयीचे आमचे ज्ञान फ्यूज बदलण्यापलीकडे कधी गेले नाही आणि गिटार हे वाद्य आम्ही आयुष्यात एकदाही हाती धरलेले नाही. असे असूनही व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरविषयी लिहायला बसलो आहोत. त्याचा संबंध आमच्या लाल शाईच्या पेनाशी आहे, आणि तो कसा, हे ओघात येईलच.

नाशिकहून गिरणारे मागे टाकले, वाघेऱ्याचा घाट उतरला की हरसूल येते. भात, नागली आणि वरईचा हा मुलूख. वस्ती मुख्यतः कोकणा, वारली आणि महादेव कोळी समाजांची. पावसाळ्यात इथे संध्याकाळी व्होल्टेज उतरते आणि खोलीतला दिवा विझू घातलेल्या निखाऱ्यासारखा दिसू लागतो. अशाच एका संध्याकाळी आमचा एक विद्यार्थी खांद्यावर गिटार आणि हातात एक जड लोखंडी पेटी घेऊन दारात उभा राहिला. एका मंडपवाल्याच्या अडगळीतून त्याने ती मिळवली होती. लग्ने, जत्रा आणि भाषणे यांत भोंग्यांना आवाज पुरवून ती कधीच निवृत्त झालेली. कुणा स्थानिक कारागिराने जोडलेली असावी, कारण वर नाव नव्हते. आतल्या एका लहान व्हॉल्व्हवर मात्र बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा पुसट शिक्का होता.

बटण दाबल्यावर काहीच घडले नाही. व्हॉल्व्हला तापायला वेळ लागतो, हे ट्रान्झिस्टरच्या पिढीला सांगावे लागते. मग काचेच्या आत नारिंगी तारा उजळल्या, तापल्या धुळीचा वास सुटला, आणि लहानपणी घरात रेडिओ लागायचा तेव्हाचा तो वास आम्ही एकदम ओळखला. विद्यार्थ्याने क्रिस्टल माइकच्या खाचेत गिटारची वायर खुपसली, भोंग्याऐवजी बारा इंची स्पीकरचा एक खोका जोडला आणि तार छेडली. आवाज आला तो गोल, किंचित घुसमटलेला. त्याने आवाज वाढवला. स्वराच्या कडा खरखरीत झाल्या, मग तो स्वर रुंद होत होत अक्षरशः फाटला.

आम्ही म्हणालो, “अरे, फाटतोय. कमी कर.”

तो म्हणाला, “फाटू द्या, सर. तेच तर पाहिजे.”

हे ‘तेच’ म्हणजे काय, याचा पुढे आम्ही आमच्या परीने शोध घेतला. व्हॉल्व्ह म्हणजे निर्वात काचनळी. 1904 मध्ये फ्लेमिंगने दोन अग्रांची नळी बनवली. 1906 मध्ये ली द फॉरेस्टने तीत तिसरे अग्र, म्हणजे एक जाळी, बसवली आणि क्षीण संकेताचे बलवान संकेतात रूपांतर करण्याची वाट खुली झाली. अपेक्षा एवढीच, की आत जाईल तेच बाहेर यावे, फक्त मोठे होऊन. पण नळीच्या ताकदीला मर्यादा असते. तिच्या कुवतीबाहेरचा संकेत आला की ती लाटेचे शेंडे छाटू लागते. साधे ट्रान्झिस्टरचे मंडल बहुधा सुरीने कापल्यासारखे सपाट छाटते, तर व्हॉल्व्ह ते शेंडे हळूहळू वाकवत, गोलाई देत छाटतो. या छाटणीतून मुळात नसलेले वरचे स्वरांश जन्माला येतात आणि एक तार अनेक तारांसारखी बोलू लागते. रॉकसंगीताचा जो ‘टोन’ म्हणतात, तो असा यंत्राच्या कुवतीच्या सीमारेषेवर उभा आहे.

आपल्याकडच्या कानाला हे परके नाही. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून मिरजेचे कारागीर जवारी लावतात, ती कशासाठी? स्वच्छ, एकाकी स्वर त्यांना नकोच असतो. तारेने घोडीला घासत झणझणावे आणि त्यातून वरचे स्वर उमलावेत, यासाठी ती सारी खटपट. दुधी भोपळ्याच्या आणि बांबूच्या तारप्यातली घरघरही तिच्याच नात्यातली. शुद्ध स्वराचा आग्रह धरणाऱ्या संगीताने आधाराला मात्र हा झणत्कार घेतला, हे आम्ही वर्गात कधी बोललो नव्हतो.

थोड्याच दिवसांत आम्ही दोघे नाशिकला गेलो. आमचे एक स्नेही तिथे ध्वनिमुद्रणाची लहानशी खोली चालवतात. त्यांच्याकडे तीन अ‍ॅम्प्लिफायर होते, जुन्या सांगाड्यांबरहुकूम नंतर बनवलेले: फेंडर ट्विन रिव्हर्ब, व्हॉक्स एसी 30 आणि मार्शल. गिटार एकच, वाजवणारा एकच, वाजवायची ओळही एकच. फक्त पेटी बदलायची.

पहिला फेंडर. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातला रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे. आवाज मोठा व्हावा आणि निर्मळ राहावा, हा त्याचा ध्यास. 1963 चा ट्विन रिव्हर्ब हे त्या ध्यासाचे टोक: चार 6एल6 व्हॉल्व्ह, पंच्याऐंशी वॅट. आमच्या विद्यार्थ्याने आवाज इतका वाढवला की खिडकीची काच थरथरली, तरी स्वर फाटायला तयार होईना. काचेच्या पेल्यावर चमचा वाजवावा तसा लख्ख, थंड, खणखणीत आवाज. आम्हाला तो फार आवडला.

मग व्हॉक्स. इंग्लंडमधल्या डार्टफर्डच्या जेनिंग्स कंपनीसाठी डिक डेनी यांनी 1958 मध्ये एसी 15 रचला. ‘द शॅडोज’ या वाद्यवृंदाला तो पुरेना, म्हणून दुप्पट ताकदीचा एसी 30 आला. त्यात चार ईएल 84 व्हॉल्व्ह असतात. पुढे बीटल्सनी तो वापरला आणि क्वीनच्या ब्रायन मे यांनी तर जन्माचा सोबती केला. याचा आवाज हळू वाजवतानाही स्थिर नसतो. बोटाचा दाब जरा वाढला की स्वरात किरकिरती लकेर येते, दाब कमी झाला की ओसरते. वाजवणाऱ्याची मनःस्थिती लपवून ठेवणे याला जमत नाही.

तिसरा मार्शल, आणि याची जन्मकथा तर अनुवादाच्या अभ्यासकांनी वाचावी अशी. जिम मार्शल यांचे पश्चिम लंडनच्या हॅनवेल भागात वाद्यांचे दुकान होते. गिऱ्हाइकांना अमेरिकन फेंडर हवा असे, पण तो महाग पडे. तेव्हा 1962 मध्ये केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन या त्यांच्या सहकाऱ्यांनी फेंडर बासमनचे मंडल समोर ठेवून घरचा अ‍ॅम्प्लिफायर जुळवला. मंडल जवळजवळ जसेच्या तसे, पण सुटे भाग मिळतील ते. ट्रान्सफॉर्मर इंग्लिश, सुरुवातीच्या काही पेट्यांनंतर मोठे व्हॉल्व्हही इंग्लिश केटी 66. बासमनच्या उघड्या पाठीच्या पेटीत दहा इंची चार स्पीकर असत. इथे बंद पेटीत बारा इंची चार आले. एवढ्या तडजोडींनंतर जे निपजले ते मूळ संहितेहून निराळेच निघाले: जाड, गुरगुरते, लवकर फाटणारे. 1966 मध्ये जॉन मेयॉल यांच्या ‘ब्ल्यूजब्रेकर्स’ तबकडीसाठी एरिक क्लॅप्टन यांनी असाच मार्शल मुद्रणगृहात आवाज चढवून वाजवला आणि नकलेची स्वतंत्र भाषा झाली. आपल्याकडेही मुंबईच्या पोरांनी त्या काळात हेच केले. आयात दुरापास्त, म्हणून रेडिओ मेकॅनिककडून पेट्या जुळवून घ्यायच्या. सिमला बीट स्पर्धेच्या 1970 आणि 1971 च्या तबकड्यांत गिटारचा फाटका आवाज आजही ऐकायला मिळतो.

विद्यार्थी मार्शलवर रमला. आम्ही मात्र स्नेह्यांना विचारले, की फेंडर इतका निर्मळ राहतो आणि व्हॉक्स इतका थरथरतो, असे का? कारणे अनेक, असे म्हणून त्यांनी त्यांतले एक उलगडून सांगितले. बाहेर पडणाऱ्या आवाजाचा एक अंश उलटा करून परत आत सोडतात. मूळ आणि परतलेला यांची तुलना होऊन यंत्राची चूक तिथल्या तिथे खोडली जाते. याला ऋण प्रतिभरण म्हणतात. 1927 मध्ये हॅरल्ड ब्लॅक या अभियंत्याला ही कल्पना कामावर जाताना फेरीबोटीत सुचली आणि हातातल्या वर्तमानपत्राच्या पानावरच त्याने ती टिपून ठेवली. दूरध्वनीच्या लांब तारांवर माणसाचे बोलणे स्वच्छ पोचावे, हा हेतू. फेंडरमध्ये हे प्रतिभरण आहे. एसी 30 मध्ये ते मुळीच नाही.

परतताना घाटात आम्ही गप्प होतो, कारण आम्हाला एक निबंध आठवत होता.

आदल्या वर्षी याच विद्यार्थ्याने महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी बोहाड्यावर लिहिले होते. बोहाडा म्हणजे रात्रभर चालणारे सोंगांचे नाट्य. गणपतीपासून रावणापर्यंत एकेक मुखवटा संबळ-पिपाणीच्या तालावर गल्लीतून नाचत येतो. याच्या घरात एक सोंग पिढीजात होते आणि त्या वर्षी ते प्रथमच त्याच्या वाट्याला आले होते. त्याने लिहिले होते: “मुखवट्यात आपलाच श्वास. संबळ बाहेर. आत फक्त श्वास.” क्रियापद नाही, जोड नाही. पुढच्या पानांत घरच्या बोलीतले शब्द प्रमाण मराठीत मध्येच घुसलेले. आम्ही लाल पेन घेतले आणि छापून आले ते असे: “मुखवटा परिधान केल्यानंतर कलावंतास एका आगळ्या अनुभूतीचा प्रत्यय येतो.” सबंध निबंध आम्ही असा ‘नीट’ केला. अंक हाती आल्यावर तो म्हणाला होता, “चांगला झालाय, सर. पण माझा वाटत नाही.” आम्ही तो विनय समजलो. त्यानंतर त्याने आम्हाला काही लिहून दाखवले नाही. हेही आम्हाला घाटात प्रथमच जाणवले.

इथे एक सावधगिरी हवी. प्रत्येक फाटका आवाज टोन नसतो. सुटलेल्या डाकाची खरखर आणि मार्शलची गुरगुर कानाला वेगळी कळते, कळायला हवी. ऱ्हस्वदीर्घ सुधारणे हे मास्तराचे काम आहे आणि ते आम्ही सोडणार नाही. फेंडरचा लख्ख आवाज ही देखील एक मोठी कलाच. पण लिओ फेंडरने आपल्याला काय हवे ते ठरवून त्या मापाने प्रतिभरण योजले. आम्ही काहीही ठरवले नव्हते. आमच्या कानाला एकच आवाज शुद्ध वाटत होता आणि त्याच्यापासून ढळणारा प्रत्येक शब्द आम्ही सवयीने खोडत गेलो. त्या तीन तुटक वाक्यांत मुखवट्याआडचा कोंडलेला माणूस होता. व्याकरण पुरे करताना आम्ही त्याला बाहेर काढून रंगमंचावर, लोकांसमोर उभा केला.

स्नेह्यांनी निघताना आणखी एक गंमत सांगितली होती. एडी व्हॅन हेलन आपल्या मार्शलला मिळणारे व्होल्टेज एका यंत्राने मुद्दाम उतरवत असे. हरसूलला त्या यंत्राची गरज नाही. वीज उतरली, दिवा तांबडा झाला, की आमच्या विद्यार्थ्याची पेटी आपोआप लवकर फाटू लागते, आणि म्हणून तो नेमका त्याच वेळी वाजवायला बसतो. ज्या उतरलेल्या विजेला आम्ही वर्षानुवर्षे बोल लावत आलो, तिची त्याने वेळ साधून घेतली आहे.

निबंधाची मूळ वही अजून आमच्याकडे आहे, लाल खुणांसकट. गेल्या महिन्यात ती त्याच्यापुढे ठेवून आम्ही म्हणालो, “यंदाच्या अंकात हे जसेच्या तसे छापू या. चूक आमची होती.” त्याने पाने चाळली, एका ठिकाणी थांबून थोडे हसला.

“आता हे नको, सर. मी पुन्हा लिहीन. पण हात तुम्ही लावायचा नाही.”

आम्ही कबूल केले. लेखन अजून आलेले नाही. अंकाची मुदत आम्ही दोनदा वाढवली आहे. संध्याकाळी दिवा तांबडा झाला की गावातून त्या पेटीचा आवाज येतो, आणि तेवढा वेळ आम्ही वह्या तपासणे थांबवतो.