देणं आणि देणगी

फॉर्मच्या तळाशी दोन चौकोन होते. एकासमोर लिहिलं होतं, 'अनामत रक्कम परत मिळावी.' दुसऱ्यासमोर, 'अनामत रक्कम शाळेस देणगी म्हणून देत आहे.' बाबांचं पेन दुसऱ्या चौकोनावर टेकलं होतं.

"बाबा, थांबा," मी म्हणाले.

खिडकीपलीकडच्या मॅडमनी वर पाहिलं. "अहो, बहुतेक पालक देऊनच टाकतात," त्या सहज म्हणाल्या. "कोण फेऱ्या मारतंय त्याच्यासाठी?"

जून 2021 ची गोष्ट. धाकट्या भावाला इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेतून काढून आम्ही महापालिकेच्या शाळेत सातवीला घालत होतो. बाबा भोसरीत एका वर्कशॉपमध्ये लेथवर होते. पहिल्या लॉकडाऊननंतर ते वर्कशॉप पुन्हा धड उभं राहिलंच नाही. तीन महिन्यांचा पगार मालकाकडे अडकला होता. तो बाबांनी कधी मागितला नाही, 'त्याचीच परिस्थिती वाईट आहे' म्हणायचे. सहावीची फी आम्ही पूर्ण भरली, त्यासाठी आईच्या दोन बांगड्या गेल्या. सातवीची भरणं शक्यच नव्हतं.

डिपॉझिट होतं पंधरा हजार. 2015 मध्ये पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी भरलेलं. त्याची पावती बाबांनी चक्क लॅमिनेट करून ठेवली होती. आमच्या घरात लॅमिनेट केलेल्या वस्तू दोनच, माझी दहावीची मार्कशीट आणि ही पावती.

तो फॉर्म मी तसाच कोरा घरी घेऊन आले. बसस्टॉपवर बाबा म्हणाले, "चारचौघांत असं अडवायचं नसतं." मग घर येईपर्यंत काही बोलले नाहीत.

मला राग आला होता. पंधरा हजारांत आमचं दीड महिन्याचं घर चाललं असतं. पण रात्री विचार करताना मला तो दुसरा चौकोन कळला. पहिल्यावर खूण केली की आपण फी न परवडल्यामुळे पोराला काढणारे. दुसऱ्यावर केली की शाळेला देणगी देऊन निघालेले. बाबा पंधरा हजारांत ताठ मानेनं बाहेर पडण्याची सोय विकत घेत होते.

मी तेव्हा टीवायबीकॉमला होते. दुसऱ्या दिवशी चहा पिताना बाबांसमोर वही उघडली आणि ताळेबंदाच्या दोन बाजू काढल्या. "फी हे शाळेचं उत्पन्न. डिपॉझिट उत्पन्न नाही. ते या बाजूला लिहितात, देण्यांच्या. म्हणजे गेली सहा वर्षं त्यांच्या वहीत तुमचं नाव येणेकऱ्यांत आहे. आणि व्याज नाही हं. सहा टक्क्यांनी सरळव्याज धरलं तरी 5,400 रुपये होतात, ते आपण आधीच सोडलेत."

बाबा वहीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आपण मागायला जात नाहीये."

"न्यायला जातोय."

न्यायला पाच फेऱ्या लागल्या. पहिला घोळ दाखल्याचा. 'डिपॉझिटचं मिटलं की एकदमच दाखला देऊ' असं सांगण्यात आलं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 5 मी मोबाइलवर वाचून गेले होते. आठवीपर्यंतचं मूल सरकारी किंवा अनुदानित शाळेत जात असेल, तर आधीच्या शाळेनं दाखला लगेच द्यायचा असतो. दाखला उशिरा आला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. मी दोन वेगळे अर्ज लिहिले, एक दाखल्याचा, एक डिपॉझिटचा. दोन्हींच्या दोन-दोन प्रती. एक प्रत त्यांना दिली, दुसरीवर शिक्का आणि तारखेसह पोच घेतली. भांडायची वेळच आली नाही. तोंडी विचारलं की 'सर जागेवर नाहीत' असं उत्तर येतं, पोच मागितली की कुणीतरी सर सापडतात. चार दिवसांत दाखला मिळाला.

दुसरा घोळ पावतीचा. मॅडमनी ती उलटसुलट केली. "ही लॅमिनेट का केलीत? यावर 'रद्द'चा शिक्का बसणार नाही." बाबांचा चेहरा पडला. जी वस्तू जपली, तीच जपली म्हणून चालेना. प्लास्टिक सोलायला गेलो तर कागदच फाटायला लागला. शेवटी शंभराच्या स्टॅम्प पेपरवर हमीपत्र लिहून दिलं, की ही रक्कम पुन्हा मागणार नाही.

तिसरा घोळ घरातलाच. लायब्ररीचं एक पुस्तक बाकी दाखवत होते, 350 रुपये. "कापून घ्या," बाबा लगेच म्हणाले. ते पुस्तक मला नंतर भावाच्या उशीखाली सापडलं. परत करायला नेऊ का, विचारलं. तो म्हणाला, "कापून घेतलेत ना? मग आता ते माझंय." हिशेब बरोबर होता. त्याच्याशी शाळा बदलण्याबद्दल आम्ही कुणीच नीट बोललो नव्हतो, हे मला तेव्हा जाणवलं.

सप्टेंबरमध्ये 14,650 चा चेक मिळाला. रजिस्टरमध्ये 'रक्कम मिळाली' लिहून बाबांनी सावकाश, पूर्ण नावाची सही केली. मॅडम म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे तुमची." बाबा म्हणाले, "बीकॉम करतेय." त्या पैशांतून भावाला ऑनलाइन वर्गासाठी सेकंडहँड मोबाइल घेतला, उरलेले किराणा दुकानाच्या उधारीत गेले.

ही गोष्ट इथं संपली असं मला वाटलं होतं. पंधरा दिवसांनी रात्री बाबांनी एक कागद माझ्यापुढे ठेवला. वर्कशॉपच्या मालकाला लिहिलेला अर्ज, त्यांच्याच अक्षरात, तीन महिन्यांच्या थकलेल्या पगाराबद्दल. 'कृपा करून' असं लिहून त्यांनी खोडलं होतं.

"शुद्धलेखन बघ," ते म्हणाले. "आणि दोन प्रती काढ. एकीवर पोच घ्यायचीय."