अब्बांचा राहिलेला वादा : भंडारदऱ्याचा एक दिवस

नाशिक रोडहून भंडारदरा काही लांब नाही. देवळाली कॅम्प, भगूर, पांढुर्ली, घोटी आणि तिथून बारीमार्गे शेंडी. सारं मिळून सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर. फजर पढून निघालं तर नाश्त्याच्या वेळेला तिथं पोहोचता येतं. तरी आमच्या घराला तिथं पोहोचायला जवळजवळ चाळीस वर्षं लागली.

अब्बा प्रेसमध्ये नोकरीला होते. दर पावसाळ्यात अम्मीला म्हणायचे, "यंदा भंडारदरा दाखवतो." मग कधी ओव्हरटाइम लागायचा, कधी कुणाचं लग्न निघायचं, कधी घराचं बांधकाम. शेवटी "रिटायर झाल्यावर जाऊ" असं ठरलं. रिटायर झाले आणि दोन वर्षांत अल्लाहला प्यारे झाले. इद्दत चार महिने दहा दिवसांची असते. आमच्या अम्मीची तीन वर्षं चालली. दवाखाना, जवळच्या नात्यातली मयत आणि ईदला मोठ्या आपाचं घर, एवढ्यासाठीच ती उंबरा ओलांडायची. बाकी खिडकीजवळची खुर्ची, तसबीह आणि गुडघ्याचं दुखणं.

सप्टेंबर संपत आला होता. पाऊस ओसरला होता. भाभीनं या वेळी विचारलंच नाही. रात्रीच खिमा करून ठेवला, अम्मीच्या गोळ्या डबीत भरल्या आणि म्हणाली, "अम्मी, बुरखा इस्त्री करून ठेवलाय. फजरनंतर निघायचं."

"तुम्ही जा. मी घर सांभाळते."

तेव्हा भाईजान हळूच म्हणाले, "अम्मी, अब्बांची सगळी देणी आपण फेडली. दुकानदाराची उधारीसुद्धा तुम्ही आठवून आठवून द्यायला लावली. वादा हेही कर्जच असतं ना? हे एक राहिलंय."

अम्मी काही बोलली नाही. फजरनंतर पाहिलं तर ती चप्पल घालून दारात बसली होती.

घोटी सोडली की मुलूख बदलतो. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, मध्येच नागली आणि वरई, बांधांवर सोनकीची पिवळी फुलं. बारी गावाशी आलो तेव्हा कळसूबाईचं शिखर ढगातून अर्धं बाहेर आलं होतं. महाराष्ट्रातलं हे सर्वांत उंच शिखर, 1,646 मीटर. हा सारा डोंगराळ भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातला हा मुलूख महादेव कोळी आणि ठाकर समाजाचा. इंग्रजांविरुद्ध उठाव करणारे आणि 1848 साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेले राघोजी भांगरे याच मातीतले. गावठी बियाणं जपणाऱ्या, पद्मश्री मिळालेल्या राहीबाई पोपेरे याच तालुक्यातल्या. आपण धबधबे बघायला जातो आणि इथं माणसं राहतात हे विसरतो, म्हणून हे सांगितलं.

आम्ही आधी रंधा धबधब्याकडे गेलो. शेंडीपासून राजूरच्या दिशेनं दहा-एक किलोमीटर. रतनगडाच्या परिसरात उगम पावलेली प्रवरा धरणातून सुटून इथवर येते आणि सुमारे 170 फूट खाली कोसळते. खाली काळ्या पाषाणाची खोल, अरुंद घळ आहे. हा दगड म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. एकावर एक थर साचले, थंड झाले आणि मग पाण्यानं ते कापत नेले. कड्याकडे नीट पाहिलं तर थर मोजता येतात. एवढा कठीण दगड पाण्यासारख्या मऊ वस्तूनं कापला, यात अल्लाहच्या कुदरतीची निशाणी नाही तर काय! जमिनीवर फिरा आणि पाहा, असा हुकूम कुरआन शरीफमध्ये वारंवार आला आहे. तो अशा जागी उमगतो.

आणि इथंच आमच्या काळजाचा ठोका चुकला. नववीतला थोरला नातू फोटो काढता काढता कठड्याच्या पलीकडे उतरला. शेवाळलेला दगड, खाली ती घळ. मक्याची कणसं भाजणारा एक माणूस ओरडला, "ए पोरा, माघारी फिर!" आमच्या तोंडून शब्दच फुटेना. सगळ्यांत आधी पोहोचली ती अम्मी. जिला बाकावरून उठवायला दोघं लागायची, ती कुणाचा हात न धरता कठड्याशी गेली आणि तिनं नातवाचं मनगट पकडलं. तो अलीकडे आल्यावर ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "मी तुझ्या दादांचा एक वादा पुरा करायला आलेय बेटा. इथून दुसरं दुःख घेऊन जायला नाही." पोरानं मोबाइल खिशात ठेवला. दिवसभर तो तिच्या बाजूनंच चालला.

पालकांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. वरून धरणाचं पाणी सोडलं की नदीचा जोर अचानक वाढतो. ओला पाषाण साबणासारखा असतो. कठडा हौसेखातर बांधलेला नसतो. आपला जीव ही आपल्याकडे दिलेली अमानत आहे.

जुहरच्या सुमारास धरणावर आलो. विल्सन धरण म्हणून हे ओळखलं जातं. काम 1910 मध्ये सुरू झालं आणि 1926 मध्ये पुरं झालं. चुन्यात बांधलेली दगडी भिंत, उंची सुमारे 82 मीटर. त्या काळी देशातल्या सर्वांत उंच धरणांत याची गणना होत होती. मागचा जलाशय 11 टीएमसीचा, म्हणजे साधारण 31 हजार कोटी लिटर पाणी. भरलेला तलाव डोंगरांच्या पायाशी आतपर्यंत पसरला होता. अम्मी बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "यांनी सांगितलं होतं त्याहून मोठं आहे."

अब्बांनीही तो कधी पाहिलेला नव्हता, हे आम्हाला तेव्हा आठवलं.

नमाजची चिंता घरातून निघतानाच होती. बायका-मुलींना जागा मिळेल का, कुणी काही म्हणेल का? तलावाच्या काठी एका झोपडीवजा हॉटेलात पिठलं, नागलीची भाकरी आणि ठेचा मिळत होता. तिथल्या मावशींना भाभीनं विचारलं. मावशींनी मागची ओसरी झाडून दिली, वर स्वतःहून एक गोधडी आणून अंथरली. "इथं वारं लागनार न्हाई. निवांत करा तुमचं."

आम्ही वुजूसाठी तलावाकडे उतरू लागलो तर अम्मी म्हणाली, "घसरून पडाल. बाटली आणा." तिनं एक लिटरच्या बाटलीतल्या पाण्यानं वुजू केला आणि बाटलीत थोडं पाणी उरलंसुद्धा. धाकटी नात हसली, "दादी, समोर एवढा मोठा तलाव आहे!" अम्मीनं तिला जवळ घेऊन सांगितलं की रसूलुल्लाह (स.) यांचा वुजू एका मुद पाण्यात होत असे. मुद म्हणजे साधारण पाऊण लिटरच्या आतलं माप. आणि वाहत्या नदीच्या काठी बसलो तरी पाणी वाया घालवायचं नाही, ही त्यांचीच शिकवण. घरी नळ सोडून वुजू करणारे आम्ही सगळे गप्प झालो.

इथून किब्ल्याकडे तोंड केलं की समोर तलावच येतो, आणि पाण्यापलीकडे अलंग, मदन, कुलंगचे डोंगर. सज्द्यातून डोकं वर उचललं की तेच दृश्य. (कसर करायची की पूर्ण पढायची, हे निघण्यापूर्वी आपल्या इमामसाहेबांना विचारून घ्यावं. अंतर अगदी काठावरचं आहे आणि पुढे किती जाणार यावर ते अवलंबून असतं.)

जेवताना खिम्याचा डबा उघडला, पण अम्मीनं भाकरी-पिठलंच मागितलं. मावशी तिच्याजवळ टेकल्या. दोघींचं बोलणं गुडघ्यांवरून सुरू झालं आणि पाण्यावर आलं. मावशी म्हणाल्या, "आता पानी दिसतंय समदीकडं. पर मार्च-एप्रिल लागू द्या. हंडे घेऊन चढ चढावा लागतो. धरण उशाला आन् कोरड घशाला."

ही म्हण आपण वर्तमानपत्रात वाचतो. जिच्या डोक्यावर हंडा आहे तिच्या तोंडून ती ऐकणं वेगळं. हे पाणी इथून कालव्यांनी संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरच्या मळ्यांना जातं, त्यावर ऊस उभा राहतो, साखर कारखाने चालतात. आपल्या ईदच्या शीरखुर्म्यात पडणाऱ्या साखरेतही या तलावाचा एखादा थेंब असेल. अम्मी मावशींकडे बघत म्हणाली, "आमच्या बीबी हाजरापण तान्ह्या बाळासाठी पाणी शोधत दोन टेकड्यांमध्ये सात वेळा धावल्या होत्या. आजही हाजी लोक तसेच चालतात." मावशींनी ती सारी हकीकत विचारून घेतली. शेवटी म्हणाल्या, "म्हंजे पान्यासाठी पळनं बायांच्याच नशिबी!" दोघी हसल्या. पैसे देताना भाकरीचे घेतले, ओसरीचे घेतले नाहीत.

निजामशाहीचा कारभार पाहणाऱ्या मलिक अंबरनं औरंगाबादेत जमिनीखालून नहर नेऊन शहराला पाणी पाजलं. नहर-ए-अंबरी म्हणून ती आजही ओळखली जाते. मलिक अंबरचं निधन 1626 चं, आणि हे धरण पुरं झालं 1926 मध्ये. बरोबर तीनशे वर्षांचं अंतर. पाणी आणणाऱ्याचं नाव लोक विसरत नाहीत. पण पाणी दाराशी असून ज्यांच्या घरात पोहोचलं नाही, त्यांची नावं कोण लिहितं?

असरनंतर परत निघालो. रिकामे डबे आणि प्लास्टिकच्या पिशव्या आमच्याबरोबर परत आल्या, मावशींच्या अंगणात काही ठेवलं नाही. बारीचा चढ उतरताना नातवानं मोबाइलवर नकाशा उघडला आणि दादीला दाखवू लागला. प्रवरा इथून निळवंडे, अकोले, संगमनेर, नेवासे करत जाते आणि प्रवरासंगमला गोदावरीला मिळते. आपली दारणाही त्याआधी गोदावरीलाच मिळालेली असते. मग सगळं पाणी पैठणच्या नाथसागरात. "म्हणजे दादी, आपल्या घरामागचं पाणी आणि इथलं पाणी शेवटी एकच होतं."

अम्मीनं चष्मा लावून ती निळी रेघ बोटानं शेवटपर्यंत नेली.

रात्री घरी आल्यावर तिनं अब्बांसाठी दुआ मागितली. रोजच मागते. त्या रात्री शेवटी एवढं म्हणाली, "या अल्लाह, त्यांचं हेही कर्ज फिटलं. कबूल कर."

दुसऱ्या दिवशी आमच्या बेसिनपाशी एक छोटा लोटा दिसला. त्यात पाऊण लिटर पाणी मावतं. आता घरात वुजू त्यानंच होतो. आणि पुढच्या जुम्याला, चहा पिता पिता, अम्मीनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "पैठण इथून किती लांब आहे रे?"