वाऱ्याचा आकार आणि वैभवाचें दालन

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं इंडियाना या संस्थानाच्या ईशान्य कोपऱ्यांत ऑबर्न नांवाचें एक लहानसें गांव आहे. शिकागोहून पूर्वेकडे मोटारीनें निघाल्यास सुमारें तीन तासांत तेथें पोंचतां येतें. वाटेंत दोहों बाजूंस मक्याचीं व सोयाबीनचीं शेतें, मधूनच एखादें पांढरें चर्च, धान्याचीं उंच कोठारें, आणि पुन्हां शेतें. असल्या प्रदेशांत जगांतील अत्यंत देखण्या व महागड्या मोटारींचें माहेरघर असेल अशी शंकाहि प्रवाशाच्या मनांत येत नाहीं. परंतु गांवाच्या दक्षिण भागांत वेन स्ट्रीटवर सरळ रेषांची, रुंद खिडक्यांची एक इमारत उभी आहे. तिच्या दारांतून आंत पाऊल टाकलें कीं मक्याच्या शेतांचा पार विसर पडतो.

ही इमारत म्हणजे ऑबर्न ऑटोमोबाइल कंपनीची जुनी कचेरी. १९३० सालीं ती बांधून पुरी झाली. जवळच्या फोर्ट वेन शहरांतील वास्तुशिल्पज्ञ ए. एम. स्ट्रॉस यांनीं तिची आंखणी केली. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील घरांमुळें जी ‘आर्ट डेको’ पद्धति आपल्या परिचयाची आहे, तिचाच हा अमेरिकन अवतार होय. रंगीत दगडी तुकड्यांची घोटून गुळगुळीत केलेली फरशी, छतापासून लोंबणारीं भौमितिक घडणीचीं झुंबरें, वर जाणारा ऐसपैस जिना, आणि त्या फरशीवर अंतराअंतरानें उभ्या असलेल्या मोटारी. १९७४ सालापासून येथें संग्रहालय आहे. इतर संग्रहालयांत वस्तु कोठून तरी आणून मांडलेल्या असतात. येथें त्या आपल्या मूळ घरींच उभ्या आहेत, हा भेद आंत शिरतांच जाणवतो. गांवोगांवचे व्यापारी नवी गाडी पाहण्यास येत तेव्हां ते याच फरशीवर उभे राहत. त्यांनीं यंत्राची चौकशी करण्यापूर्वींच या दालनानें त्यांना निम्में जिंकलेलें असे. म्हणून आम्हीं येथील मोटारींइतक्याच लक्षपूर्वक त्या विकण्याच्या युक्त्याहि पाहिल्या.

कंपनीचा उगम मात्र अगदीं साधा. या गांवांत घोड्याच्या बग्ग्या तयार करणारें एक्हार्ट नांवाचें कुटुंब होतें. त्या घरांतील दोघां भावांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं मोटारी बांधावयास घेतल्या. धंदा चालला, पण फारसा वाढला नाहीं. १९२४ सालीं एरेट लॉबन कॉर्ड हा तिशीच्या घरांतला, शिकागोंत मोटारविक्रीवर हात बसलेला गृहस्थ कारभार पाहण्यास आला. कारखान्याच्या आवारांत कित्येक शें न खपलेल्या गाड्या उभ्या होत्या. कॉर्डनें यंत्राला हात लावला नाहीं. गाड्यांना त्यानें झगझगीत रंग दिले, निकेलचें चकचकीत सामान बसविलें, आणि थोड्याच अवधींत त्या विकून टाकल्या. पुढील तेरा वर्षांचा इतिहास या एका गोष्टींत बीजरूपानें आहे.

हें त्याला साधलें याचें कारण काळहि बदलत होता. हेन्री फोर्डची ‘मॉडेल टी’ १९१४ पासून १९२५ पर्यंत एका काळ्या रंगांतच निघत असे. मोटार म्हणजे घोड्याऐवजीं आलेलें एक उपयोगी वाहन, तें टिकाऊ व स्वस्त असावें, एवढीच तेव्हांची अपेक्षा होती. १९२३ च्या सुमारास ड्यूपॉन्ट कंपनीचा ‘ड्यूको’ हा लवकर वाळणारा रंग निघाला. गाडी रंगविण्यास पूर्वीं कित्येक आठवडे लागत. तें काम आतां कांहीं तासांवर आलें, आणि मोटारी निळ्या, हिरव्या, पिवळ्या दिसूं लागल्या. १९२७ सालीं जनरल मोटर्सनें हार्ली अर्ल याच्या हाताखालीं ‘कला व रंग’ यांसाठीं एक स्वतंत्र खातेंच उघडलें. ज्याच्या घरीं मोटार आहे त्याला ती जुनी वाटावी, आणि नव्या सालची घ्यावीशी वाटावी, हें या खात्याचें खरें काम.

जाहिरातीनें ही वाट त्यापूर्वींच दाखविली होती. १९१५ सालच्या जानेवारींत कॅडिलॅक कंपनीनें ‘सॅटर्डे ईव्हिनिंग पोस्ट’ या साप्ताहिकांत एक पानभर मजकूर छापला. लेखक थिओडोर मॅकमॅनस. त्यांत गाडीचें चित्र नाहीं, किंमत नाहीं, यंत्राचें वर्णन नाहीं. जो श्रेष्ठ असतो त्याला लोकांचा मत्सर सोसावाच लागतो, एवढेंच काय तें प्रतिपादन! १९२३ सालीं जॉर्डन कंपनीचा मालक नेड जॉर्डन यानें आपल्या ‘प्लेबॉय’ गाडीसाठीं याहून पुढची मजल मारली. पश्चिमेकडील मोकळ्या माळावर घोड्याशीं शर्यत लावणारी एक निर्भय तरुणी, एवढेंच चित्र त्यानें शब्दांनीं उभें केलें. वाचणाऱ्याच्या मनांत ती मुलगी राहिली, आणि तिच्यासाठीं त्यानें गाडी घेतली. जॉर्डन कंपनी १९३१ सालीं बुडाली. ती जाहिरात मात्र त्या विद्येच्या पाठ्यपुस्तकांत अद्यापि शिकविली जाते.

यानंतर जाहिरातदारांच्या हातीं एक नवें शस्त्र आलें. तें म्हणजे ‘स्ट्रीमलाइन’ आकार. याचें मूळ शास्त्रांत आहे. पाण्यांत मासा किंवा हवेंत पक्षी जसा अडथळ्यावांचून सरकतो, तसा गाडीचा देह असावा. पुढें गोलसर, मागें निमुळता. म्हणजे वारा अंगावरून निसटून जाईल, आणि त्याच शक्तींत गाडी अधिक वेगानें धावेल. विमानें व आगगाड्या यांचे आकार तसे होऊं लागले होते. क्रायस्लर कंपनीचा अभियंता कार्ल ब्रीअर यानें वाऱ्याचा बोगदा बांधून लहान लहान प्रतिकृतींवर प्रयोग केले. त्यांत एक मौजेची गोष्ट आढळली. त्या वेळच्या नेहमींच्या पेटीसारख्या मोटारीला पुढें जातांना वाऱ्याचा जेवढा अडथळा होई, त्याहून उलटी, पाठमोरी चालविल्यास कमी होई! या अभ्यासांतून १९३४ सालीं ‘एअरफ्लो’ ही गाडी निघाली. इंजिन पुढें सरकविलें, मागची बैठक चाकांवरून पुढें आणून दोन आंसांच्या मध्यें घेतली, पोलादी सांगाडा व अंग एकजीव केलें. मजबुती दाखविण्यासाठीं एक गाडी पेन्सिल्व्हेनियांत ११० फूट उंचीच्या कड्यावरून खालीं लोटली, आणि ती पुन्हां चालवून त्याचा चित्रपटहि काढला.

इतकें करूनहि ‘एअरफ्लो’ खपली नाहीं, आणि १९३७ नंतर ती बंद झाली. कारखान्यांतून गाड्या उशिरां निघाल्या, पहिल्या कांहीं गाड्यांत दोष राहिले, ही कारणें आहेतच. परंतु मुख्य कारण असें, कीं तिचें बोथट तोंड लोकांच्या डोळ्यांना रुचलें नाहीं. लोकांना वेगाचा आभास हवा होता. वाऱ्याच्या शास्त्राची त्यांना पर्वा नव्हती. जाहिरातींतील चित्रकारांना हें मर्म पूर्वींच ठाऊक होतें. ते गाडी प्रत्यक्षापेक्षां लांब व ठेंगणी काढीत, आणि आंत बसलेलीं माणसें लहान काढीत, म्हणजे गाडी आपोआप भव्य दिसे.

ऑबर्नच्या दालनांत ‘८५१ स्पीडस्टर’ ही १९३५ सालची गाडी उभी आहे. तिच्यापुढें आम्ही बराच वेळ थांबलों. लांबलचक तोंड, मागें होडीसारखी निमुळती होत गेलेली पाठ, आणि बाजूंनीं बाहेर आलेल्या चकचकीत नळ्या. दोन माणसांहून अधिक कोणी बसूं शकत नाहीं, आणि सामानासाठीं जागा बेताचीच. चालकाच्या समोर एक लहानशी धातूची पट्टी आहे. या गाडीची ताशीं १०० मैलांहून अधिक वेगानें परीक्षा झाली आहे, असें तिच्यावर प्रमाणपत्र असून खालीं ॲब जेन्किन्स या प्रसिद्ध वेगवीराची सही आहे. वर्तमानपत्रांतील जाहिरात दुसऱ्या दिवशीं रद्दींत जाते. ही जाहिरात मालकाच्या डोळ्यांपुढें जन्मभर राही, आणि शेजारीं बसलेल्या पाहुण्यालाहि वाचतां येई.

‘कॉर्ड ८१०’ ही गॉर्डन ब्यूरिग या तरुण रचनाकाराची कृति याहून निराळ्या तोडीची आहे. ब्यूरिगची काम करण्याची खोली याच इमारतींत वरच्या मजल्यावर होती. ही गाडी पाहतांना जाहिरातीची आठवणच होत नाहीं, इतकी ती स्वयंपूर्ण आहे. पाय ठेवण्याची फळी नाहीं, दारांच्या बिजागऱ्या दिसत नाहींत, आणि पुढचे दिवे मडगार्डांत लपविलेले आहेत. आंतील दांडी फिरविली म्हणजे ते डोळे उघडल्यासारखे बाहेर येतात. १९३५ च्या नोव्हेंबरांत न्यूयॉर्कच्या प्रदर्शनांत ही गाडी मांडली तेव्हां लोकांची झुंबड उडाली. गाडी नाताळापर्यंत मिळेल असें आश्वासन देऊन मागण्या घेतल्या गेल्या. परंतु कारखाना तयार नव्हता. तेव्हां आगाऊ मागणी नोंदविणाऱ्यांना कंपनीनें त्या गाडीची लहानशी ब्राँझची प्रतिकृति पाठविली. हंसूं येण्यासारखी गोष्ट आहे, पण तींत करुणहि आहे. पुढें गाड्या मिळाल्या त्यांतील पुष्कळांत गिअरचे व इंजिन तापण्याचे दोष निघाले. अवघ्या तीन हजारांच्या आसपास गाड्या तयार झाल्या. १९५१ सालीं न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयानें आठ मोटारी कलाकृति म्हणून प्रदर्शनांत मांडल्या, त्यांत या गाडीला स्थान मिळालें. मात्र तिची कंपनी तेव्हां उरली नव्हती.

कॉर्डच्या ताब्यांतील तिसरें नांव ड्यूसेनबर्ग. १९२८ च्या डिसेंबरांत तिची ‘मॉडेल जे’ पुढें आली. कंपनीच्या सांगण्याप्रमाणें इंजिनाची शक्ति २६५ घोड्यांची, म्हणजे तेव्हांच्या इतर अमेरिकन गाड्यांच्या दुपटीहून अधिक होती. नुसत्या सांगाड्याची किंमत साडेआठ हजार डॉलर. वरचें अंग गिऱ्हाइकानें आपल्या पसंतीच्या कारागिराकडून बांधून घ्यावयाचें. त्याच दिवसांत फोर्डची अख्खी गाडी पांचशें डॉलरांच्या आसपास मिळे. पुढच्याच वर्षीं शेअरबाजार कोसळला. १९३३ पर्यंत अमेरिकेंतील कामकऱ्यांपैकीं सुमारें चौथा हिस्सा बेकार झाला. आणि या काळांतच ड्यूसेनबर्गच्या जाहिराती निघाल्या. एकींत वादळांत आपली शिडाची नौका हांकणारा गृहस्थ, दुसरींत प्रासादतुल्य घरांतील दिवाणखान्यांत बसलेला धनिक, तिसरींत बागेंत माळ्याशीं बोलणारी बाई. खालीं एकच वाक्य: हे ड्यूसेनबर्ग चालवितात. मोटारीचें चित्र नाहीं, किंमतीचा उच्चार नाहीं. ज्याला किंमत विचारावी लागते त्याच्यासाठीं ही गाडीच नव्हे, असा त्या मौनाचा अर्थ होता.

या मौनाला जगाच्या दुसऱ्या टोकाहून उत्तर आलें, तें आपल्या होळकरांच्या इंदुराहून. महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनीं १९३५-३६ च्या सुमारास ड्यूसेनबर्गचा सांगाडा घेऊन लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांकडून त्यावर अंग बांधवून घेतलें. रंग केशरी व काळा. याच महाराजांनीं एकार्ट मुथेसिउस या जर्मन वास्तुशिल्पज्ञाकडून माणिकबाग राजवाडा नव्या पद्धतीनें सजविला होता. त्यांची रसिकता अस्सल होती यांत संशय नाहीं. परंतु जी वस्तु अमेरिकेंत बेकारांच्या रांगांसमोरून धावत होती, तीच येथें दुष्काळ व कर्ज यांनीं गांजलेल्या शेतकऱ्यांच्या देशांत आली, हेंहि विसरतां येत नाहीं.

ऑबर्नचें पुढें काय झालें हें थोडक्यांत सांगतां येतें. १९३१ सालीं मंदीतहि कंपनीची विक्री पूर्वीच्या कोणत्याहि सालाहून अधिक झाली होती. त्यानंतर ती घसरत गेली, आणि १९३७ सालीं ऑबर्न, कॉर्ड व ड्यूसेनबर्ग या तिन्ही मोटारी एकदमच बंद पडल्या. या गाड्यांत खोटें असें फारसें नव्हतें. स्पीडस्टर खरोखरच वेगवान होती, कॉर्ड खरोखरच सुंदर होती, ड्यूसेनबर्ग खरोखरच बलवान होती. अतिशयोक्ति गाडीविषयीं नव्हती. ती घेणाऱ्याविषयीं होती. गाडी दाराशीं येतांच तूं निराळा मनुष्य होशील, हें अभिवचन जाहिरातीनें दिलें, आणि तें पुरें करणें कोणत्याहि कारखान्याच्या हातचें नव्हे. लग्नकार्यांत ऐपतीबाहेर मानपान करून पुढें दहा वर्षें कर्ज फेडणारीं घरें आपण पाहिलेलीं आहेत. तेथें वर्तमानपत्राची जरुरी नव्हती; शेजारपाजारची नजर तेंच काम करीत होती.

कॉर्ड गाड्या जेथें बांधल्या जात त्या कॉनर्सव्हिल येथील कारखान्यांत दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत लष्करी जीपगाड्यांचीं अंगें तयार झालीं. चौकोनी, सपाट, वाऱ्याला सरळ छातीवर घेणारी ती गाडी. तिला ना निमुळती पाठ, ना लपविलेले दिवे. युद्ध संपल्यावर तीच जीप मुंबईंत महिंद्रांच्या कारखान्यांत जुळविली जाऊं लागली, आणि आपल्या तालुक्यातालुक्यांच्या धुळीच्या रस्त्यांवर अनेक वर्षें राबली. ऑबर्नच्या झुंबरांखालीं उभ्या असलेल्या त्या सुंदर मोटारींचा निरोप घेतांना आमच्या डोळ्यांपुढें कां कोण जाणे, ती जीपच उभी होती.